पांदण नावाचा पत्ता

वर्धा जिल्ह्यातल्या सिंदी रेल्वे या गावात मुकेश भोयरचं झेरॉक्सचं दुकान आहे. फॉर्म भरून देणं, फोटो काढणं, सातबारा छापून देणं हा त्याचा धंदा. पण गाव त्याला ओळखतं ते जिभेमुळे. कुठलीही वस्तू समोर ठेवा, तो तिची लायकी सांगून मोकळा होतो, आणि सांगताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही. कुणी हौसेनं नवा मोबाइल दाखवला की हा म्हणणार, "डब्बा आहे." मेहुण्याच्या लग्नात वरपक्षाच्या पंगतीत बसून त्यानं वांग्याची भाजी कच्ची असल्याचं मोठ्यानं जाहीर केलं होतं. बायको, जया, तेव्हापासून त्याच्यासोबत पंगतीला बसत नाही.

असल्या माणसाला मित्र किती असणार? एकच होता. वडनेरचा नागसेन, वीज मंडळात लाइनमन.

दोघं वर्ध्याला आयटीआयमध्ये शिकत असताना त्यांना पत्त्यांच्या एका खेळाचं वेड लागलं. आपले बावन्न पत्ते नव्हेत. इथं पत्त्यावर एखादं लढणारं जनावर असतं, नाहीतर सापळा. शेकडोंमधून चाळीस निवडून आपली जुडी बांधायची आणि समोरच्याला संपवायचं. अस्सल पत्ते नागपूरला मिळायचे आणि महाग पडायचे. यांनी चित्रं छापून ती जुन्या पत्त्यांवर डकवली आणि नावंही आपली दिली. तेव्हापासून वीस वर्षं, पंधरा दिवसांतून एका रविवारी, वर्ध्याच्या बसस्टँडजवळच्या चहाच्या हॉटेलात डाव मांडलेला असायचा.

नागसेनच्या जुडीत एक सापळा कायम असे. त्याचं नाव त्यांनी ठेवलं होतं पांदण. पांदण म्हणजे शेतांमधली ती अरुंद वाट, जिथं बैलबंडी एकदा शिरली की वळवता येत नाही. हा पत्ता पालथा ठेवायचा. समोरच्यानं आपली सगळी जनावरं एकदम अंगावर घातली, तरच तो उलटायचा आणि सगळी एका झटक्यात मरायची; जनावरं संपली की डाव गेला. मुकेशला त्या पत्त्याचा भारी राग.

"एक जनावर मागं ठेवलं की संपला तुह्या पत्ता," तो म्हणायचा. "नुसता पडून राह्यते. पांदणीत सगळंच्या सगळं घालणारा येडा भेटला तरच त्याचा उपयोग. चाळीसातली एक जागा वाया घालवून राह्यला तू."

"एक दिवस घालशील," नागसेन हसायचा.

वीस वर्षांत मुकेशनं एकदाही घातली नाहीत. दर वेळी एक जनावर मागं.

गेल्या दिवाळीनंतर नागसेनचं पोट दुखायला लागलं आणि संक्रांतीपर्यंत तो सावंगीच्या मोठ्या दवाखान्यात भरती होता. आजार कसला, हे डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, मेघाला, बाहेर नेऊन सांगितलं. तिनं ते मुकेशला सांगितलं. नागसेनला कुणी सांगितलं नाही. त्याला ते माणसांच्या गोड बोलण्यावरूनच कळलं.

"इथं सगळे माह्या हो ले हो करून राह्यले," तो मुकेशला म्हणाला. "साहेब येऊन गेला, तो बी म्हणते, नागसेन, तुह्यासारखा लाइनमन नाई. अन् जिंदगीभर मले शिव्या देत होता! तू तरी नीट खेळजो बे. तेवढंच राह्यलं आता."

मुकेशनं मान डोलावली. खाटेवर डाव मांडला.

पत्ता ठेवताना नागसेनच्या हाताची सलाइनची नळी ओढली जायची, मग मेघा ती सोडवायची. अर्ध्या तासात त्याच्यापुढं एकच पालथा पत्ता उरला. मुकेशकडे चार जनावरं होती. तीन जनावरांतच डाव जिंकता आला असता. पालथं काय आहे, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यानं मित्राच्या आत गेलेल्या गालांकडे पाहिलं. समोरच्याचं तोंड बघून काही ठरवण्याची ही त्याची आयुष्यातली पहिलीच वेळ असावी. त्यानं चारही जनावरं पुढं सरकवली.

नागसेननं पत्ता उलटला. पांदण.

"वा!" मेघा म्हणाली. "जिंकले तुम्ही!"

नागसेन हसला नाही.

"तीन पुरत होते. चौथं काऊन आणलं?"

"ध्यानात नाई राह्यलं."

"तुह्या? ध्यानात?" त्याचा आवाज बारीक झाला. "वीस वर्षं सांगत आला, पांदणीत येडाच घुसते म्हणून. तू येडा नाईस, मुकेश. म्हणजे तुह्या लेखी मी आत्ताच मेलो." मग भिंतीकडे तोंड करून तो मेघाला म्हणाला, "पत्ते उचल."

मुकेशनं आठवडा दुकानात कसाबसा काढला. पंधरा दिवस थांबण्याची त्याची हिंमत नव्हती. पुढच्याच रविवारी तो जुडी घेऊन सावंगीला पोहोचला. वॉर्डाच्या दारात मेघा भेटली.

"त्याले सांगा, मी आज त्याले हरवाले आलो. तीन पुरले तर तीनच घालीन, दया करणार नाई."

ती आत गेली. आतून नागसेनचा खोकला ऐकू आला, मग थोडं बोलणं. ती डोळे पुसत बाहेर आली.

"भाऊ, ते नाई म्हणतात. म्हणतात, आता तू हरवलं तरी ते माह्या मनासाठी ठरवूनच हरवशील."

मुकेश बाहेरच्या बाकावर संध्याकाळच्या बसपर्यंत बसून राहिला. आतून बोलावणं आलं नाही. बुधवारी नागसेन गेला.