साडूचं बसणं आणि माझी उडी

माझ्या साडूला नुसतं बसून राहायला शास्त्राचा आधार होता आणि मला नव्हता, एवढ्यावरून मी भर धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यांच्या विहिरीत उडी मारली.

साडू म्हणजे धुळ्याच्या देवपुरातले विलासराव. परदेशात हौशी लोकांना समुद्राखाली फिरवून आणायची त्यांची नोकरी. (मी जळगावच्या कचेरीत बिगरहौशी लोकांना या टेबलावरून त्या टेबलावर फिरवतो, पण माझं कौतुक कोणाला?) धोंडे खायला आम्ही दोघे जावई शिंदखेड्याजवळ सासुरवाडीला जमलो आणि त्याच सकाळी सासऱ्यांची, म्हणजे नानांची, मोटर दोर तुटून पाइपासकट विहिरीत पडली. पावसानं ओढ दिलेली, मिरची माना टाकून उभी, आणि विहीर अशी खोल की खाली वाकून हाक मारली तर पाताळातून 'कोण पाहिजे?' असं विचारतील!

थोरला जावई या नात्यानं मी धीर द्यायला घसा खाकरला. तेवढ्यात विलासराव म्हणाले, "नाना, मी काढतो." पुढं कोकणात जायचं म्हणून हवेच्या दोन टाक्या सोबतच होत्या. एक पाठीवर चढवली आणि मनगटावर डबीएवढं घड्याळ बांधलं.

"हा डायव्ह कंप्युटर," ते म्हणाले.

कंप्युटर! आमच्या कचेरीतल्या कंप्युटरला थंडगार खोली होती. आत जाताना आम्ही चपला बाहेर काढायचो. आणि हा माणूस कंप्युटर विहिरीत बुडवत होता!

विलासराव गेले, बऱ्याच वेळानं वर आले. "मोटर दिसली. गाळात रुतलीय. पुढच्या बुडीत दोर बांधतो."

"मग जा की लगेच," मी म्हणालो.

"तसं नाही, भाऊ. खाली घेतलेल्या श्वासातला नायट्रोजन रक्तात मुरतो. तो निघायला वर थांबावं लागतं. किती, ते हा सांगतो." त्यांनी बटण दाबलं. "आत्ता उतरलो तर तळाशी जेमतेम टेकायला मिळेल. तासभर बसलो तर आरामात गाठ मारता येईल. जितकं जास्त वर बसू, तितका खाली जास्त वेळ."

नानांना विलासरावांच्या बोलण्यातलं 'बसू' तेवढं कळलं. "मंग बठा, बापू, बठा! सारा वारा निंघी जाऊ द्या! पंखा आन व!"

पंखा आला. खाट आली. खाटेवर गादी आली! सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, तुपात थबथबलेले धोंडे घेऊन धावल्या. "ल्या ना बापू, अजून एक. रगत साफ व्हई."

या घरात मी मेहुणीच्या लग्नाला ट्रकभर लाकडं फोडली, छपरं शाकारली, म्हशीसुद्धा शोधून आणल्या. पण 'जवाईबापू, बठा' हे शब्द माझ्या कानांवर कधी पडले नव्हते. पोटात असा भडका उडाला की त्यावर धोंडे तळून निघाले असते!

तूप लागू नये म्हणून विलासरावांनी ते घड्याळ काढून खाटेवर ठेवलं. मी ते गुपचूप मनगटावर बांधलं. हिशोब साधा होता: आपणही बुडी मारायची, कंप्युटर आपल्यालाही 'बस' म्हणेल, मग गादी आपली, पंखा आपला, अक्काही आपल्या!

उडी मारली. नाकात पाणी, कानात कळ, डोळ्यांसमोर सगळे पूर्वज! जीव खाऊन वर आलो तर मनगटावर टीं-टीं-टीं! सगळं घर काठावर गोळा झालं. मी पायरीची कडी धरून लोंबकळतोय आणि माझ्या हातात साडूचं घड्याळ कोकलतंय!

"भाऊ, काय केलंत!" विलासराव ओरडले. "तो माझ्या रक्ताचा हिशोब ठेवतो! त्याला वाटलं मीच पुन्हा बुडालो आणि बाणासारखा वर आलो. आता तो रुसला. उद्यापर्यंत काही सांगणार नाही, आणि त्याच्या सांगण्याशिवाय मी उतरत नाही."

"म्हंजे बापूसले उद्यापर्यंत बठनं पडी?" अक्कांचा चेहरा उजळला. "मी मांडे करस!"

मी कण्हत म्हणालो, "मलाही जरा बसायला लागेल. रक्तात काहीतरी वळवळतंय."

"छे हो," विलासराव शास्त्राला जागले. "तुमच्या पाठीवर टाकी कुठं होती? एक श्वास धरून गेलात. तुमच्या रक्तात काहीही नाही!"

नानांनी माझ्याकडे पाहिलं. "काहीच नही शे? मंग वर काबर येतस?" आणि दोराला बांधलेला गळ माझ्या हातात दिला.

दुपारभर मी विहिरीच्या पायरीवर गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहून गळानं मोटर चाचपडत होतो. काठावर विलासराव गादीवरून दिशा सांगत होते आणि पुरणाच्या मांड्यांचा वास खाली विहिरीत उतरत होता. संध्याकाळी एकदाचा गळ अडकला, माणसांनी मोटर ओढून काढली आणि मी भिजून लिबलिबीत झालेल्या भेंडीसारखा वर आलो.

बायको डोकं पुसत म्हणाली, "काय कमी पडलं होतं हो तुम्हाला?"

"मला पण कोणीतरी 'बसा' म्हणायला हवं होतं," मी दात वाजवत म्हणालो.

तेवढ्यात नाना गरजले, "थोरला जवाईबापू, ऊठा! मोटर निंघनी, आते पाइप काढाना शे!"

मी उठलो. खाटेवरून विलासराव कळवळून म्हणाले, "अहो भाऊ, जरा बसा हो!"

अख्ख्या सासुरवाडीत मला बसा म्हणणारा एवढा एकच माणूस निघाला, आणि मी सकाळपासून त्याच्यावरच जळत होतो!