पोटावरची पिशवी
मूळव्याधीचा त्रास मला धाकट्या लेकीच्या वेळच्या बाळंतपणापासून होता. घरात कोणाला सांगितलं नव्हतं. रक्त फार जायला लागलं तेव्हा नवऱ्याला सांगावंच लागलं. सोयाबीन घरात आल्यावर त्यानं मला कारंज्याला दवाखान्यात नेलं. ऑपरेशन नीट झालं आणि मी इंझोरीला घरी परत आले. थोडं दुखेल, कोमट पाण्याच्या टबात बसत जा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणून दुखणं वाढत गेलं तरी मी ते ऑपरेशनचंच धरलं.

मग हुडहुडी भरून ताप आला. लघवीला बसावं तर थेंबभर होईना. ओटीपोट दगडासारखं टणक झालं. बरं आहे का, असं नवरा दारातून विचारायचा आणि मी हो म्हणायची. त्या जागेबद्दल पुन्हा तोंड उघडायचं माझ्या जिवावर येत होतं.

मोठी जाऊ चहा घेऊन आली. कप देताना माझा तापलेला हात तिच्या हाताला लागला. मी सारखी मोरीत जाऊन येते हेही तिनं पाहिलं होतं. तिनं दार लोटलं आणि जवळ बसली.

"लघवी होऊन राह्यली का तुले?"

मी नाही म्हणाले.

"मंग लपवून काहून राह्यली?"

मला रडूच फुटलं. तिनंच माझ्या नवऱ्याला बोलावून सगळं स्पष्ट सांगितलं. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते.

कारंज्यात नळी घालून लघवी काढली, पण ताप हटेना. तपासता तपासता डॉक्टरांचा आवाज खाली गेला. जंतू आत ओटीपोटात पसरले होते. या ऑपरेशननंतर असं क्वचितच होतं, पण झालं तर थांबून चालत नाही, असं म्हणून त्यांनी अकोल्याला पाठवलं. गाडीत मी जावेला विचारलं, मी मेले तर लोकांना काय सांगाल?

"तापानं गेली म्हणून सांगू," ती म्हणाली. "आता गप बस." तिनं माझा हात मात्र सोडला नाही.

अकोल्यात आतला पू काढला. जखमेला घाण लागू नये म्हणून आतड्याची वाट पोटावर काढली आणि तिथे शी जमायला पिशवी लावली. शुद्धीवर आल्यावर ती पिशवी पाहिली आणि मी चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. घरी आल्यावर मोठी जाऊ माझ्याबरोबर पिशवी बदलायला शिकली. तिनं कधी नाकाला पदर लावला नाही. धाकटी लेक मात्र बरेच दिवस कुशीत यायला बिचकत होती. ते मला दुखण्यापेक्षा जास्त लागलं.

काही महिन्यांनी पिशवी निघाली. पण शौचावर पहिल्यासारखा ताबा राहिला नाही. हे कधी पूर्ण बरं होईल, ते डॉक्टरही सांगत नाहीत. इकडच्याच मालेगावला माहेरी जायचं तर एसटीत बसायची भीती वाटते. नवरा मोटरसायकलवर नेतो. मी पाठीवर थाप मारली की गाडी थांबवतो आणि मी तुरीच्या शेतातून परत येईपर्यंत रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो.