सवतीची दोरी

लग्न होऊन मी गिरगावात आले तेव्हा माझ्या गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला सवतीचा टाक होता. नखाएवढा चांदीचा पत्रा, त्यावर कोरलेली एक बाई. दुसरेपणावर दिलेल्या मुलीने पहिलीचा असा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे ती गेलेली बाई रुसत नाही, संसारात विघ्न आणत नाही, अशी समजूत. रोज न्हाणं झालं की आधी तिला हळदकुंकू लावायचं आणि मग स्वतःला. या टाकाचा मला कधी राग आला नाही. राग आला तो तिच्या दोरीचा.

ही प्लेगाच्या दोनतीन वर्षं आधीची गोष्ट. आमचे हे एका इंग्रजी पेढीत कारकून होते. सहा दिवस खाली मान घालून लिहायचे आणि रविवारी उजाडता उजाडता घोड्यांच्या ट्रामने भायखळा गाठून पुढे परळावरून चालत नायगावला जायचे. नायगावला माझ्या वडिलांची वाडी होती आणि वाडीच्या मागे गोड्या पाण्याचं तळं. त्या तळ्यात मरळ होती. काळपट, सापाच्या डोक्याची, दात असलेली ही मासळी. गळाला लागली की माणसाच्या खांद्याची परीक्षा घेते. पहिली बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं, तेव्हापासून यांना रविवारी घर खायला उठायचं. गळ टाकायचा नाद आधीपासून होताच, म्हणून हे आमच्या तळ्यावर यायला लागले.

माझी आई लहानपणीच गेलेली, भाऊ नाही. त्यामुळे मुलाला शिकवायचं ते सगळं बाबांनी मलाच शिकवलं. लोक बोलायला लागेपर्यंत मी त्या तळ्याच्या पायऱ्यांवर गळ टाकून बसत असे. पुढे सोळावं सरत आलं, म्हणजे तेव्हाच्या रीतीने मी घोडनवरीच झाले, आणि माझं तळ्यावर जाणं बंद झालं. मग मी खिडकीतून पाहायची. हा गिरगावचा पाहुणा साहेबाच्या लिलावात घेतलेली तीन तुकड्यांची, पितळी टोप्यांची काठी घेऊन यायचा. ती इतकी लवचीक, की मरळीने जरा ओढलं की साष्टांग नमस्कार घालायची.

"माणूस सोन्यासारखा हाय," बाबा म्हणायचे, "पण काठी भिकार."

एका रविवारी बाबांनी मला हाक मारली आणि पाहुण्याला एक काठी निवडून दे म्हणाले. ओटीवर आढ्याला पाच काठ्या टांगलेल्या असत. काठी भरीव बांबूची हवी, ती अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेली हवी, नाहीतर कीड लागते. मग ती चुलीच्या वर धुरात ठेवायची, निखाऱ्यावर शेकून सरळ करायची आणि खाली धोंडा बांधून महिनाभर लोंबकळत ठेवायची. निवडताना बुंधा मुठीत धरून एक झटका द्यायचा. शेंडा थरथरत राहिला तर ती काठी नको. एकदा हलून गप्प बसला तर घ्यावी. मी चार काठ्या झटके देऊन बाजूला सारल्या, पाचवीचा शेंडा गप्प बसला, ती यांच्या हातात ठेवली आणि आत पळाले. महिन्याभराने मागणी आली. काठीबरोबर पोरगीपण दिली, म्हणून वाडीत सगळे हसायचे.

तेव्हा माझा जरा तोराच होता. मी निवडलेली काठी यांच्या हातात आहे, तर घरात माझं आसनही पक्कं, असं मला वाटायचं. पहिल्याच रविवारी तो उतरला. काठीला दोरी लावायला यांनी एक लाकडी रीळ काढलं. त्यावर तांबूस तपकिरी रेशमाची दोरी गुंडाळलेली होती.

"ही तिने वळली," हे म्हणाले.

नाव घेतलं नाही. 'ती' म्हटलं की या घरात कोण, ते सगळ्यांना कळायचं, आणि ती म्हणजे मी नव्हे हे मलाही कळलं.

मग दर रविवारी संध्याकाळी मला तिचं ऐकावं लागायचं. तिचं माहेर रेशमाचे गोफ-गोंडे वळणाऱ्या पटवेकऱ्याच्या शेजारचं, त्यामुळे रेशमावर तिचा हात लहानपणापासून बसलेला. गिरगावातल्या आमच्या सगळ्या वाडीतल्या मुलांचे करगोटे तीच वळायची. यांना माशांचा नाद लागला तेव्हा पोटुशी असताना गॅलरीत बसून तिने ही दोरी वळली. मरळ साफ करताकरता मी हे ऐकायची आणि सुरी जरा जोरातच चालायची. आणखी एक जळफळाट होता. हे दर रविवारी माझ्या माहेरी जाऊन माझ्या तळ्यावर बसायचे, माझ्या बापाच्या हातचे ताडगोळे खायचे, आणि मी मात्र माहेर पाहायचं ते सणासुदीला! जाताना बरोबर कोण, तर तिची दोरी. म्हणजे मेल्यावरसुद्धा ती माझ्या माहेरी माझ्यापेक्षा जास्त वेळा जायची.

एका दुपारी हे पेढीवर गेलेले असताना मी ती दोरी गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत उलगडली आणि दोन नखांमधून इंचाइंचाने ओढून पाहिली. खोट काढायचीच होती. कुठे जाड, कुठे बारीक, कुठे पीळ सुटलेला, काहीतरी सापडेल. तीन पेड, प्रत्येक पेडाचा पीळ एकीकडे आणि तिघांना मिळून दिलेला पीळ उलटीकडे, म्हणून पाण्यात दोरी वेटोळी खात नव्हती. एक धागा वर आलेला नाही. मेलीने काय वळली होती दोरी! असं मनात म्हणाले आणि जीभ चावली, कारण ती खरोखरच मेलेली होती. मुळात वाईट असती तर मी ती दोरी सोसली असती.

मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. भुलेश्वरच्या पटवेकऱ्याकडून रेशीम मागवलं, चार दुपारी गॅलरीत खपले, बाबांकडून खाडीतल्या तिवराची साल आणवून, पाण्यात कुजू नये म्हणून त्या रसात दोरी मुरवली, वर मेण चोळलं. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या. रविवारच्या आदल्या दिवशी यांच्या पुढ्यात ठेवली. यांनी ती उजेडाकडे धरली, दोन्ही हातांनी ताणली.

"छान झालीय गं," म्हणाले. "जपून ठेव. ही तुटली की ती लावू."

ही तुटली की! मी हसून 'बरं' म्हटलं आणि आत जाऊन पाण्याच्या हंड्यावर झाकण आपटलं. माझी दोरी ट्रंकेत पडून राहणार आणि तिची दर आठवड्याला हवा खायला जाणार. कधी तुटणार ती? मला त्या दिवशी एवढंच हवं होतं, की ती तुटावी आणि माझी लागावी. दुसरं काही मागणं नव्हतं. दागिना मागितला असता तर यांनी कर्ज काढून केला असता. पण हे मागायचं कसं?

गाठ मात्र माझ्याकडे होती. यांची बोटं कारकुनाची. अक्षर मोत्यासारखं, पण गाठ मारायला बसले की गळ बोटात रुतायचा. म्हणून दर शनिवारी संध्याकाळी तिच्या दोरीला गळ बांधायचं काम माझं. आमच्या गळाला भोक नसायचं, टोक ठोकून चपटं केलेलं असायचं. दोरीचा फास गळाच्या दांडीवर धरायचा, वरून सात वेढे घ्यायचे, टोक वेढ्यांखालून काढायचं, थुंकीने गाठ ओली करायची आणि हळूहळू आवळायची. कोरडी आवळली तर रेशीम स्वतःच्या घासण्यानेच जळतं. बाबांनी मला आणखी एक शिकवलं होतं. मासा सुटून गेला तर आधी दोरीचं टोक बघावं. ते पिंजलेलं असलं तर दोरी तुटली. डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असलं तर गाठ सुटली.

गणपती होऊन गेले होते. बाबांनी निरोप पाठवला, की पायरीशी एक थोरली मरळ दिसतेय, जावईबापूंना म्हणावं या. त्या शनिवारी हे लहान मुलासारखे खुशीत होते. मी गळ बांधायला बसले. सातच्या जागी चार वेढे घेतले. गाठ ओली केली नाही. कोरडीच आवळली. काय करते आहे ते मला चांगलं ठाऊक होतं. हात चुकला, असं मी आज या वयात तरी म्हणणार नाही. मासा जाईल, दोरीवर आळ येईल, आणि मग ट्रंक उघडेल. मान खाली घातली की टाक दोरीवर टेकत होता, तो मी पदराखाली सरकवला. गाठ दिसायला अगदी देखणी झाली. यांनी ती न पाहताच रीळ पिशवीत टाकलं.

रविवारी संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. पिशवी हलकी होती. हे स्वयंपाकघराच्या दारात टेकून उभे राहिले. डोळे तांबडे झाले होते.

"लागली होती," म्हणाले. "हातभर होती. पायरीपर्यंत आणली, पाठ दिसली पाण्यावर, आणि काठी एकदम हलकी झाली."

"मग?"

"मामंजींनी दोरी हातात घेतली. टोक पाहिलं, दाताने तोडून टाकलं, म्हणाले, रेशीम कुजलं, जावईबापू. आता पाण्यात सोडा तिला."

"सोडली?"

"सोडली."

बाबा दोरी कधी दाताने तोडत नसत, त्यांच्या कमरेला सुरी असायची. त्यांना सुरी काढायलाही उसंत नव्हती, यांनी ते टोक पाहू नये म्हणून. आयुष्यात कधी खोटं न बोललेला माझा बाप माझ्यासाठी जावयाशी खोटं बोलला होता.

हे हात धुवायला वळले आणि पाट्यापाशी थांबले. दर रविवारी मी दुपारीच ओलं खोबरं, मिरची, धणे वाटून ठेवायची, मासे आले की उशीर नको म्हणून. मासे मिळाले नाहीत अशाही रविवारी वाटण तयार असायचंच, मग त्यात बटाटे पडायचे. त्या दिवशी पाटा कोरडा होता आणि चुलीवर वरण.

"आज वाटण नाही केलंस?"

"झालं नाही," मी म्हटलं.

यांनी पाट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात धुवायला गेले. मासे येणार नाहीत हे मला दुपारीच ठाऊक होतं, ते मी असं स्वतःच्या हाताने पाट्यावर लिहून ठेवलं होतं. हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा ताटं वाढून झाली होती. जेवताना यांनी पहिल्यांदाच तिच्याबद्दल एक शब्द काढला नाही.

दिवाळीला माहेरी गेले. बाबांनी मला तळ्याच्या पायरीवर बसवलं आणि पाण्याकडे पाहत म्हणाले,

"बाय, चार वेढ्यांची गाठ मी तुला नाय शिकवली."

मी रडायला लागले. त्यांनी रडू दिलं.

"तुझा नवरा पण असाच रडला," म्हणाले. "हितंच बसून. दोरी सोडवत नव्हती त्याला हातातून. मी बोटं उलगडली त्याची."

त्या क्षणी मला माझी लाज वाटायला हवी होती. वाटलीही असेल, पण आधी वाटला तो मत्सर. माझ्यासमोर यांच्या डोळ्यांतून कधी टिपूस आलं नव्हतं, आणि तिच्यासाठी हे माझ्या बापापुढे ढसाढसा रडले! मी मेले तर माझ्या कुठल्या वस्तूपायी कोणाला यांची बोटं उलगडावी लागतील, हाच विचार तेव्हा मनात होता. असा माझा स्वभाव. तो पुढेही फारसा सुधारला नाही.

माझी दोरी ट्रंकेतून निघाली होती. ती चांगली होती. तिच्यावर पुष्कळ मरळ आली, एकदा तर शेजारच्या तीन बिऱ्हाडांना पुरेल एवढी. हे दोरीचं कौतुकही करायचे, चारचौघांत करायचे. पुढे सरकार मुंबईतली तळी बुजवायला लागलं तरी आमचं तळं बरीच वर्षं टिकलं, आणि रविवार चुकले नाहीत. शनिवारी संध्याकाळी गळ मीच बांधायची. सात वेढे, ओली गाठ, सावकाश आवळलेली. मी गळ पुढे केला की हे तो घ्यायचे, अंगठा आणि बोट यांत दांडी धरायचे आणि गाठ ओढून पाहायचे. एकदा, दोनदा, तीनदा. माझ्या देखत. मग रीळ पिशवीत.

पूर्वी हे कधी ओढून पाहत नसत. मी तीन वर्षं सोसलं. चौथ्या वर्षी एका शनिवारी गळ गुंडाळून यांनी पिशवीत ठेवला, तेव्हा न राहवून विचारलं,

"तिच्या वेळी गाठ तीच बांधायची ना? तिचीपण अशीच ओढून पाहिली जायची का?"

"तिची नाही," हे म्हणाले, आणि गांडुळं आणायला जिना उतरून गेले.