पिवळ्या नावेबद्दलचं पत्रक

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. जे ओळखतात त्यांना — बाबांना, संघटनेतल्या मैत्रिणींना — यातलं काहीच ठाऊक नाही. त्यांच्या लेखी मी खरं बोलणारी मुलगी. माईकसमोर तर मी फारच खरं बोलते.

मी नंदुरबारकडच्या रनाळ्याची. आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती — गुलाबी, हिरव्या, स्वस्त कागदावरची. 'कमळ' वाचायच्या आधी मी 'धिक्कार' वाचायला शिकले. बाबा अजूनही पत्रकं लिहितात आणि त्यांचा नियम एकच : जे आपण डोळ्यांनी पाहिलं नाही, ते 'पाहिलं' म्हणून छापायचं नाही. हा नियम मी भाषणात सांगते. टाळ्या पडतात.

तर — ओर्का. समुद्रातला तो काळा-पांढरा, अवाढव्य प्राणी. तो नंदुरबार जिल्ह्यात कुठून आला? फ्लेक्सवर आला. दोन वर्षांपूर्वी अक्कलकुव्याच्या चौफुलीवर कुणीतरी नर्मदेतल्या नौकाविहाराची जाहिरात लावली आणि त्यावर पाण्यातून उसळणारा ओर्का छापला. इंटरनेटवरून उचललेला, दुसरं काय! मला आधी हसू आलं, मग राग आला. आणि मग एक गंमत झाली. तो प्राणी डोक्यातून जाईना. हा आहे तरी कोण?

महिनाभर मी मोबाइलवर दुसरं काही पाहिलं नाही. ओर्कांची कुटुंबं आयांच्या, आज्यांच्या मागून चालतात. प्रत्येक कुटुंबाचे हाकारे वेगळे — आपल्याकडे कसं, खाली अहिराणी, डोंगरात भिली नाहीतर पावरी, तसं. खोल पाण्यात ते आवाजाने एकमेकांना शोधतात. आणि वर? वर त्यांना पाहायला आलेल्या बोटी, एकीमागून एक, इंजिनं घरघरत. मी चिडले. मला चिडायला वेळ लागत नाही.

त्याच सुमारास कानावर आलं, की मोलगीच्या पलीकडे, नर्मदेकाठच्या एका पाड्यावरचा खेमादादा आपल्या पिवळ्या नावेतून पर्यटकांना पाणमांजरं दाखवायला नेतो. मग मी काय केलं असेल? जाऊन पाहिलं? नाही. आधी पत्रक लिहिलं.

आता विचार केला तर मला त्याचंच नवल वाटतं — किती सोपं गेलं ते! ओर्काच्या जागी पाणमांजर घातलं, समुद्राच्या जागी नर्मदा. 'पिवळी नाव इंजिनाचा धडाका लावून पिलांच्या अंगावर जाते. आई एकीकडे, पिलू दुसरीकडे. पाणमांजरं हा काठ सोडून गेली आहेत.' आणि शेवटी ठळक अक्षरांत : 'हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.' वाटलं, दोन दिवसांनी जाणारच आहोत, पाहणारच आहोत. तेव्हा खरं होईलच की.

छापखान्यातल्या रफीकचाचांनी घाई केली. म्हणाले, "आजच छापून घे बेटी. उद्यापासून लग्नपत्रिका. मग तुझी क्रांती एकदम पावसाळ्यात." कुठल्याशा जुन्या फोटोवरून नावेचं एक रेखाचित्रही त्यांनी टाकलं. पुढे बांधलेल्या टायरसकट.

गठ्ठे घरी, खाटेखाली ठेवले आणि मी नदीवर गेले.

नावेत सुरतेचं एक कुटुंब होतं. त्यातल्या बाईंनी बसल्या बसल्या विचारलं, "ओ भाई, पेली पोस्टरवाळी माछली क्यां छे?" — ती पोस्टरवरची मासळी कुठंय? खेमादादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "ए तो सासरे गई, बेन." सगळी नाव हसली. मी हसले नाही. मी पुरावा गोळा करायला आले होते ना!

आणि मग त्याने इंजिन बंद केलं. कुठे? बरंच लांब. पाणमांजरांचा खडक समोर नखाएवढा दिसत होता. तिथून पुढे बांबूने ढकलत, थांबत, पुन्हा ढकलत. कुणी बोललं की तो नुसता मागे वळून पाहायचा. तो खडक म्हणजे धरणाच्या पाण्यात बुडालेल्या टेकडीचा माथा; त्याच्या वडिलांच्या शेळ्या तिथे चरायच्या, त्यामुळे पाण्याखाली काय कुठे आहे हे त्याला ठाऊक होतं. खडक पुरता दिसायला लागला तसा त्याने बांबू रुतवला आणि नाव अडवली. सुरतेचे काका खुणेने म्हणाले, अजून जवळ. त्याने मान हलवली. नाही.

सात होती. मी दोनदा मोजली. एक पाण्यात उभं राहिलं — खरंच उभं, माणसासारखं, मान लांब करून — आणि आमच्याकडे बघत बसलं. दुसऱ्याने मासा दोन्ही हातांत धरून डोक्याकडून खायला घेतला. काटे मोडल्याचा आवाज पाण्यावरून आमच्यापर्यंत आला. एक पिलू पाण्यात उतरायला तयार नव्हतं. आईने त्याला मानेला धरलं आणि सरळ बुचकळलं. ते ओरडलं, शिट्टीसारखं. बाकीच्यांनी उत्तर दिलं. ती काय म्हणत असतील एकमेकांना? आम्ही त्यांना कसे दिसत असू? एक पिवळा, मुका, फार माणसांचा प्राणी? माझ्या आयुष्यात मी इतकी सुंदर गोष्ट पाहिली नव्हती. आणि ती पाहताना मला खाटेखालचे गठ्ठे आठवले. पत्रकाप्रमाणे पाणमांजरं तिथे नव्हतीच.

घरी आले. बाबा दारातच होते. "देखी उनी का व?" — पाहून आलीस का? मी म्हटलं, "देखी उनी, बाबा." त्यांनी स्वतः खाटेखालचे गठ्ठे काढून माझ्या हातात दिले.

का नाही थांबवलं? मला कुणी धमकावलं नव्हतं. घाईही नव्हती. खरं सांगू? वाक्यं चांगली जमली होती. 'एका माणसाने लांबच इंजिन बंद केलं' — याच्यावर कुणी मूठ आवळतं का?

मोलगीच्या बाजाराच्या दिवशी मी ती पत्रकं वाटली. दुपारी गर्दीतून खेमादादा आला, हातात माझं पत्रक घेऊन. त्याला वाचता येत नव्हतं, पण टायर ओळखता येत होता. "ताई, ही माझीच नाव ना? काय लिहिलंय, वाच की." तो इतका खूश होता! मी पत्रक हातात घेतलं. आजूबाजूला मिरच्यांचे ढीग, जीपवाल्यांच्या आरोळ्या. आणि मी वाचलं — नदीवर जे पाहिलं होतं ते, कागदावर बोट फिरवत. की पिवळ्या नावेचा माणूस लांबच इंजिन बंद करतो. की पिलांना त्रास होऊ देत नाही. की पाणमांजरं पाहावीत तर अशी. माझ्या तोंडून तेव्हा खरं निघालं, तेही फसवायला.

"एवढं सगळं लिहिलंस?" म्हणाला. कागदाची चौघडी घालून त्याने खिशात ठेवली. मला आग्रहाने चहा पाजला. मी प्याले.

तीन आठवड्यांनी पाड्यावर बैठक बसली. पत्रकाची चर्चा तिथवर पोचली होती — नावेमुळे जनावरं पळाली, नाव बंद करा. मला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. खेमादादा शांत होता. त्याने खिशातून ती चौघडी काढली आणि शाळेच्या मास्तरांच्या हातात दिली. "बोलण्यावर जाऊ नका. ताईने छापलंय, ते वाचा."

मास्तरांनी वाचलं. सगळं, ठळक अक्षरांसकट.

खेमादादा म्हणाला, "मास्तर, तुम्ही दुसरंच वाचताय. पुन्हा वाचा."

मास्तरांनी पुन्हा वाचलं.

"नाही नाही. ताईने मला वाचून दाखवलंय. ताई, सांग ना यांना."

सगळे माझ्याकडे वळले. मला एवढंच म्हणायचं होतं, की मास्तर कागद बरोबर वाचताहेत आणि कागद खोटा आहे. त्यातलं पहिलं मी म्हटलं. "मास्तरांनी बरोबर वाचलंय."

त्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. त्याला समजून घ्यायचं होतं, असं वाटलं — खडकाच्या दिशेने पाहायचा, तसंच. मग पत्रक मास्तरांच्या हातातच सोडून तो उठला.

त्याच्या नावेतून पर्यटक न्यायला बंदी झाली. आता दुसऱ्या काठावरच्या नावा येतात, मोठ्या इंजिनांच्या, आणि थेट खडकाला जाऊन टेकतात. त्या नावांवर मी एक ओळही लिहिलेली नाही. लिहायला बसले की 'हे मी पाहिले आहे' या शब्दांपाशी हात अडतो. पिवळी नाव काठावर पालथी आहे. खेमादादा ऊसतोडीला गुजरातेत जातो.

नावेत मी होते. पाणमांजरं सात होती. खेमादादाने इंजिन लांबच बंद केलं होतं आणि जवळ जायला नकार दिला होता. मी छापलं ते मी पाहिलं नव्हतं. पाहिलं ते मी छापलं नाही.