पाच घरची भिकबाळी

पुण्यातले पुरुष कानाच्या वरच्या कडेला, जिथे धड हाडही नाही आणि मांसही नाही, तिथे भोक पाडून सोन्याची बाळी घालतात. तिला भिकबाळी म्हणतात. दोन पाणीदार मोती, मध्ये लाल खडा, आणि ती सगळ्यांना दिसावी म्हणून पगडी जरा डावीकडे कललेली. दफ्तरातला साधा कारकूनसुद्धा ती घातली की मान अशी वळवून बोलतो, जणू सगळा कारभार त्याच्याच कानाला टांगला आहे. यांच्यापैकी कितीजणांच्या आयांनी खरोखर भीक मागितली, असं मला विचारावंसं वाटतं. विचारत नाही, कारण उत्तर ठाऊक आहे.

मूळ रीत साधी आहे. ज्या घरात मुलगे जगत नाहीत, तिथे नव्या मुलाच्या आईनं पाच घरी पदर पसरायचा. जे मिळेल त्याची बाळी करायची आणि मुलाच्या उजव्या कानात घालायची. हे मूल भिकाऱ्याचं आहे असं समजून मृत्यू पुढच्या दाराला जातो, अशी समजूत. मोती, खडा, पगडी हे सगळं मागाहून चिकटलं.

आमच्या घरी माझ्या आधीचे मुलगे पाळण्यातच गेले होते. माझा धाकटा भाऊ झाला तेव्हा मी आठ-नऊ वर्षांची असेन. आई त्याला मांडीवरून खाली ठेवत नसे. तो नुसता शिंकला तरी तिचा चेहरा उतरायचा. भिकबाळीचं तिनंच काढलं.

वडिलांना नुकतीच सरकारी दफ्तरात वरची जागा मिळाली होती आणि पगडीला जरीचा काठ आला होता. त्यांचं म्हणणं, माझी बायको दारोदार भीक मागताना दिसली तर उद्या दफ्तरात मी तोंड कसं दाखवू. मुलगा जगेल की नाही यापेक्षा त्यांना शेजारच्या गादीवर बसणाऱ्याची जास्त काळजी होती. शेवटी तोड काढली ती आत्याबाईंनी. आत्याबाई लग्न होऊन चार घरं पलीकडे नांदत होत्या, पण कारभार माहेरचाच करत.

त्यांनी आमच्याच पेटीतलं सोनं काढून गुंजगुंजभर पाच पुड्यांत बांधलं आणि आदल्या दिवशी मोलकरणीबरोबर नात्यातल्या पाच घरी पोचतं केलं. दुसऱ्या दिवशी आई पैठणी नेसून, नाकात नथ घालून, मागे छत्री धरलेला गडी घेऊन भीक मागायला निघाली. प्रत्येक घरी तिला पाटावर बसवलं, ओटी भरली, मसाल्याचं दूध दिलं आणि आमचंच सोनं आमच्याच पदरात परत टाकलं. एका काकूंनी तर पुडी सोडायचीही तसदी घेतली नव्हती. देवाला चार शहाण्या माणसांनी इतक्या नीटनेटकेपणानं फसवलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

सोनारानं निवडायला तीन बाळ्या करून आणल्या. आईनं साध्या बारीक बाळीला हात लावला. आत्याबाईंनी तो हात बाजूला सारला आणि सगळ्यांत मोठी उचलली, मोत्यांची. मुलाचा कान चिंचोक्याएवढा, आणि बाळी सरदाराच्या कानातली. सोनार म्हणाला, शोभते. सोनाराला आत्याबाईंनी निवडलेलं सगळंच शोभायचं.

चार दिवसांत कान लाल झाला, मग सुजला. कानाची कड मोत्यांच्या वजनानं खाली ओढली गेली आणि बाळीभोवती पू धरला. अंगात ताप भरला, भाऊ दूध घेईना. वैद्यांनी लेप दिला. आत्याबाई म्हणाल्या, बाळी काढाल तर अपशकुन होईल. वडील पगडी चढवून दफ्तरात निघून गेले, ते त्यांना नेहमीच उत्तम जमायचं. आईनं सगळ्यांच्या देखत बाळी काढली, भोक बुजू नये म्हणून कडुनिंबाची काडी घातली आणि मला म्हणाली, चल, पर्वतीला जाऊन येऊ.

पर्वतीला आम्ही गेलोच नाही. पायथ्याच्या अलीकडे माळ्यांची घरं होती, तिथे आई थांबली. साधं लुगडं, नाकात नथ नाही. पहिल्या दारात तिनं पदर पसरला. माझी मान खाली गेली. कोणी तांब्याचं नाणं टाकलं, कोणी मूठभर तांदूळ. पाचव्या घरच्या बाईनं आईकडे पाहिलं, मग आपल्या गळ्यातल्या दोऱ्यातला एक सोन्याचा मणी काढून पदरात टाकला.

"लई न्हाई," ती म्हणाली, "पर हाय ते खरं हाय. पोराला जगवा."

आईला रडू फुटलं. पैठणी नेसून मागितलेल्या भिकेला ती एकदाही रडली नव्हती.

येताना तिनं सोनाराला गाठलं. तांदूळ सोडून सगळं त्याच्यापुढे ठेवलं आणि हवं ते उभ्या उभ्या सांगितलं. वर्षानुवर्षं कानाच्या त्याच जागी आई स्वतः बुगडी वागवत होती, तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. मोती नको, खडा नको. तार गुळगुळीत हवी, फार बारीक नको, नाहीतर ती मांस कापते. वेढा जरा सैल हवा, म्हणजे सूज आली तरी रुतणार नाही. सोनार म्हणाला, ही दिसणारसुद्धा नाही. आई म्हणाली, "दिसायची नाहीच आहे."

ती बाळी कानात बसली. सूज उतरली, ताप गेला, भाऊ दूध पिऊ लागला. ती कुठून आली हे आईनं घरात सांगितलं नाही आणि वडिलांनी विचारलं नाही.

वर्षाच्या वाढदिवसाला बायकांची पंगत बसली. मुलाच्या कानात बाळी बारीक का, असं कोणीतरी विचारलं. आत्याबाई सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, मोत्यांची मोठेपणी घालू, पण पुण्याई माझ्या पाच घरांचीच. दोन गेले, हा राहिला.

आई वाढत होती. तिनं वरणाचं भांडं खाली ठेवलं.

"तीन गेली, वन्सं," ती म्हणाली. "मधली मुलगी होती. तिच्यासाठी पाच घरं कोणी काढली नाहीत."

आत्याबाईंनी पानावरचं मीठ बोटानं सारखं केलं आणि भात मागितला. आईनं तो वाढला.

मला एक बहीण होती, हे मला त्या पंगतीत कळलं.