गुलाबाच्या बादलीतला खंडोबा

रंगूबाईनं खंडोबाचा टाक देव्हाऱ्यातून उचलला, पदरानं पुसला अन् गुलाबाच्या बादलीत सोडून दिला. देव तळाला जाऊन बसला.

"बस तिथंच," ती म्हणली. "म्हातारा उठला का काढीन. नाय उठला तर ऱ्हा बुडून."

म्हातारा म्हणजे लहानू, तिचा नवरा. लकव्यानं उजवी बाजू गेलेली, वाचा बंद. डॉक्टर म्हणले होते, हाताला काही जाणवायला लागलं तर आशा हाय. म्हणून रंगूबाई त्या हाताला रोज चिमटे काढायची. म्हातारा नुसता वरच्या पत्र्याकडं बघत पडायचा.

नवसाला देव पाण्यात घालायची रीत जुनीच. पण माणसं चांगल्या तांब्याच्या भांड्यात घालतात. शेजारची सखुबाई हबकलीच.

"अगं, ती ऑइलपेंटची बादली हाय. कोपल ना देव."

"कोपू दे. कोपायला तरी बाहेर येईल."

मखमलाबादला यांचा गुलाबाचा तुकडा. सकाळी फुलं तोडायची, जुड्या बांधून बादलीत उभ्या करायच्या, दुपारी फुलबाजार गाठायचा. आता सगळं एकटीवर. जुड्या बांधता बांधता ती बादलीत तोंड घालून भांडायची.

"तुझ्या दोन बायका. एक रुसली तर दुसरी हाय. मला एकच नवरा दिला, तोही आडवा केला. लाज वाटती का?"

लोक म्हणायचे, बाई सरकली. काय नाय सरकली. भांडायला समोर कुणीतरी बसलंय, ऐकतंय, हे तिला पक्कं माहीत होतं. त्याच्याच जिवावर ती सकाळी उठायची.

त्यात नवीन भानगड. त्या बादलीतले गुलाब बाजारात जाईपर्यंत माना टाकायला लागले. गिऱ्हाईक हात लावीना.

"बघ, कोपला," सखुबाई म्हणली.

रंगूबाईनं माना टाकलेल्या जुड्या बाजूला सारल्या अन् चुलीत लाकूड घातलं.

थंडी तर अशी पडलेली, की निफाडची सगळी इकडंच आली म्हणायची. एका सकाळी ती मळ्यात फुलं तोडत होती अन् घरात धपकन आवाज झाला. तशीच पळत आली. लहानू खाटेवरून खाली पडलेला. घसटत बादलीपाशी पोचलेला. डाव्या हातावर सगळा भार, अन् उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात.

"कुठं निघाला होता?"

म्हाताऱ्याचं तोंड वाकडं झालं. लय जोर लावला त्यानं.

"दे...व. का...ढ."

रंगूबाईनं त्याला खाटेला टेकवून बसवलं. मग बादलीत वाकून म्हणली, "त्याला उठव म्हणले होते रे. तू त्यालाच कामाला लावलंस?"

पण देव काढला. पुसला, भंडारा लावला, देव्हाऱ्यात ठेवला.

लहानू आता काठी घेऊन बांधापर्यंत जातो. बोलतो तुटक तुटक. त्यानंच पुढं एकदा सांगितलं, तो हात जिता हाय हे त्याला बादलीत कळालं. पाणी कोमट लागलं. रंगूबाई थंडीभर रोज सकाळी चुलीवर पाणी तापवून त्या बादलीत, देवावर ओतायची, अन् तो खाटेवरून बघायचा. जन्म फुलात गेला तिचा. कोमट पाण्यात गुलाब मान टाकतो, हे काय तिला ठाऊक नव्हतं?