फुलं टाकणारं हेलिकॉप्टर

अरविंद गेल्याचं मला कॉलेजच्या हेडक्लार्कने फोनवर सांगितलं. "सर गेले," म्हणाला, आणि त्याच दमात, "अध्यक्षसाहेब म्हणतात, अंत्ययात्रेवर हेलिकॉप्टरमधून फुलं टाकायची. तुम्हाला उडवता येतंय की?" मी फोन बंद केला. त्या क्षणी जी किळस आली, ती इतके आठवडे झाले तरी गेलेली नाही...

ते बिनमाणसाचं हेलिकॉप्टर अरविंदनेच बनवलेलं. आम्ही दोघं सोलापुरात एकाच कॉलेजात मेकॅनिकल शिकवायचो. जुळे सोलापुरातल्या त्याच्या फ्लॅटमध्ये हॉलभर पाती नि वायरी. पाहुण्याला बसायला खुर्ची रिकामी नसायची. "सैन्य अशा यंत्रानं डोंगरावर सामान पोचवतं, शेतात फवारणी होते," तो म्हणायचा, "मग पुरात अडकलेल्याला दोर का नाही पोचवायचा?" यंत्राने दोर उचलला, त्या दिवशी तो पोरासारखा नाचला होता. पण संस्थेच्या अध्यक्षांनी दोराचा आकडा काढायला लावून तिथे फुलांची टोपली बसवली. कुठे उद्घाटन, कुठे वाढदिवस, पुढाऱ्यांच्या डोक्यावर झेंडूच्या पाकळ्या! आयजीच्या जिवावर बायजी उदार. अरविंद चिडायचा, भांडायचा. पण यंत्र कॉलेजच्या मालकीचं.

गेल्या पावसाळ्यात सीना नदी फुगली. माढ्याकडच्या एका वस्तीवर बिरूमामा नावाचे मेंढपाळ आणि त्यांची बायको मेंढ्यांच्या शेडवर चढून बसल्याचं कळलं. बोट यायला वेळ होता. अरविंदने यंत्र मागितलं. "उद्या मंत्रीसाहेबांचं स्वागत आहे," अध्यक्ष म्हणाले, "पाण्यात पडलं तर मी तोंड कुठं दाखवू?" मग तो नुसता दोर घेऊन मोटरसायकलवर गेला. हाताने फेकलेला दोर काही पोचला नाही. बोट आली, तेव्हा शेडवर मामा एकटेच होते.

नंतर अरविंद अधूनमधून मामांकडे जाऊन बसायचा. घरी मात्र नीट जेवेना, बोलेना. डॉक्टरांनी हृदयविकार म्हटलं. म्हणोत बापडे.

अंत्ययात्रेला कॉलेजवाल्यांनी उडवणारा शोधलाच. डोक्यावर घरघर झाली, पाकळ्या पडल्या, अध्यक्षांनी फोटोग्राफर बघून हात जोडले. माझ्या शेजारी बिरूमामा उभे होते. त्यांनी पटक्यावरची पाकळी झटकली आणि वर बघत विचारलं,

"सर, ह्ये त्या दिवशीबी हितंच हुतं व्हय?"

"होतं, मामा."

ते रस्त्याच्या कडेला जाऊन थुंकले.